कोलेस्टेरॉलची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर? उपासाचं काय, भरीत खाल्लं तर काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, वडील यावल तालुक्यात केळीची शेती बघतात, वय ६२. तीन महिन्यांपूर्वी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १७८ निघालं म्हणून रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू झाली. चिठ्ठीवर 'रात्री जेवणानंतर' लिहिलंय. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली की वडील म्हणतात, "आज तेल फार झालं, आज गोळीचा उपयोग नाही." एकादशीला आणि नवरात्रात जेवण नसतं म्हणून गोळीही नसते. झोपताना इसबगोल, आणि पोटात जळजळलं की ॲसिडिटीचं पातळ औषध. त्यातच कुणीतरी सांगितलं की या गोळीवर मोसंबी चालत नाही. यातलं खरं काय, असं विचारलंय.

मी फिजिशियन आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दवाखाना चालवते. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. रोसुव्हास्टॅटिन जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, नाहीतर उपाशीपोटी घ्या, रक्तात एकूण औषध सारखंच पोचतं. सकाळी घेतली तरी चालते. ॲटोरव्हास्टॅटिनचं थोडं वेगळं आहे. भरल्या पोटी ती जरा सावकाश शोषली जाते आणि रक्तातलं एकूण औषध साधारण ९ टक्क्यांनी कमी भरतं, पण एलडीएल उतरतं ते तेवढंच. आपल्याकडे कोलेस्टेरॉलच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा या दोनपैकीच एक गोळी असते. म्हणजे वडिलांनी भरीत खाऊन गोळी घेतली असती तरी ती पूर्ण लागू पडली असती, आणि एकादशीला नुसत्या पाण्याबरोबर घेतली असती तरीही. जेवणामुळे नुकसान झालेलंच नाही. झालं ते न घेतलेल्या गोळ्यांमुळे.

मग चिठ्ठीवर 'जेवणानंतर' येतं कुठून? यामागे जुना इतिहास आहे. या गटाला स्टॅटिन म्हणतात. त्यातली बाजारात आलेली पहिली गोळी लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली. ती अन्नासोबत नीट शोषली जायची. उपाशीपोटी घेतली तर रक्तातलं औषध साधारण दोन-तृतीयांशावर यायचं. म्हणून तिच्या कागदावर 'संध्याकाळच्या जेवणासोबत' असं छापलं गेलं. 'रात्री' या शब्दाचंही कारण आहे. आपलं यकृत कोलेस्टेरॉल बनवतं त्यातला मोठा वाटा रात्रीचा, आणि सिमव्हास्टॅटिनसारख्या त्या काळच्या गोळ्यांचा असर थोड्या तासांचा. यकृताचं काम जोरात चालू असताना औषध अंगात असावं, हा हिशेब. पुढे आलेल्या गोळ्या जास्त वेळ टिकतात. रक्तातली रोसुव्हास्टॅटिन निम्मी व्हायला सुमारे १९ तास लागतात, ॲटोरव्हास्टॅटिनला सुमारे १४ तास, आणि तिच्यापासून अंगात बनणारे घटक त्यापुढेही काम करत राहतात. त्यामुळे सकाळ-रात्र हा भेद या दोघींना उरला नाही. पण डॉक्टरांच्या हाताला वळण पडलेलं असतं. शिकताना वरिष्ठांनी लिहिलेलं पाहिलं, तेच आपणही लिहित जातो.

माझ्याही हाताला ते वळण होतं, आणि त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. पारोळ्याकडच्या एक आजी माझ्याकडे यायच्या. ॲटोरव्हास्टॅटिन १० देऊन सहा महिने झाले तरी एलडीएल हवं तसं उतरेना. मी २० केली, पुढे ४० केली. एकदा सुनेसोबत आल्या तेव्हा पिशवीत गेल्या महिन्याची गोळ्यांची पानं होती, अर्धी भरलेली. विचारलं तर सरळ म्हणाल्या, "जेवनच नही करं, तं गोयी कशी लेवानी?" दोन एकादश्या, दर शनिवार, शिवाय घरातली व्रतं. उपासाला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी सगळं व्हायचं, पण तो फराळ, जेवण नव्हे. आणि मी तर 'जेवणानंतर' असं लिहिलं होतं. त्यांनी माझं अक्षर अन् अक्षर पाळलं होतं. चूक माझ्या चिठ्ठीची होती, आणि ती झाकायला मी डोस वाढवत सुटले होते. या गटातल्या गोळीचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. म्हणजे दुपटीने औषध देऊनही मी रिकाम्या दिवसांची भरपाई करू शकत नव्हते. त्या दिवशी चिठ्ठीवर 'सकाळी तोंड धुतल्यावर, रोज, उपास असला तरी' असं लिहिलं आणि डोस पुन्हा खाली आणला. पुढच्या रिपोर्टला आकडा उतरलेला होता.

तेव्हापासून या दोन गोळ्यांपुढे मी जेवणाचा उल्लेख करत नाही. रोज चुकत नाही अशा एखाद्या कामाला गोळी जोडून देते: दात घासणं, देवाला दिवा लावणं, गोठ्यातली सकाळची धार, पहिला चहा. चहाने गोळीचं काही बिघडत नाही. खेड्यातल्या माणसाचं रात्रीचं जेवण हे दिवसातलं सगळ्यात बेभरवशाचं काम. रात्रीची वीज असली तर पाणी द्यायला मळ्यात जावं लागतं, लग्नसराईत पंगत कधी उठेल सांगता येत नाही, केळीचा ट्रक भरायचा असला तर अकरा वाजतात. अशा जेवणाला बांधलेली गोळी महिन्यातून पाच-सात वेळा सुटणारच.

आता भरीत. वडिलांचं म्हणणं नुसतं चुकीचं म्हणून सोडून देऊ नका, कारण ते असं का म्हणतात ते समजलं की पुढचं सगळं उलगडतं. त्यांच्या मनातलं चित्र असं आहे की गोळी पोटात जाते आणि खाल्लेल्या तेलाला भिडते. थोडं तेल असलं तर जिंकते, फार असलं तर हरते. काही जण याच चित्रामुळे उलटं करतात आणि पार्टीच्या रात्री दोन गोळ्या घेतात. तेही चुकीचंच.

गोळी ताटातल्या तेलाशी काहीच करत नाही. तिचं काम यकृतात चालतं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून थेट येत नाही, आपलं शरीरच ते बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. गोळी यकृताचं हे बनवणं मंदावते. मग यकृताला कोलेस्टेरॉलची चणचण भासते आणि ते रक्तातून एलडीएल ओढून घ्यायला आपल्या पृष्ठभागावर जास्त दारं उघडतं. ही दारं, म्हणजे एलडीएलचे रिसेप्टर, शोधून काढल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी डॉक्टरांना १९८५ चं नोबेल मिळालं. रक्तातलं एलडीएल उतरतं ते या दारांमुळे. हा परिणाम रोजच्या रोज घेतलेल्या गोळीने साचत जातो. आज रात्रीची गोळी आज रात्रीच्या भरितासाठी नसते.

खाण्याचा संबंध इथे येतो. तूप, साय, वनस्पती तूप, पामतेल, सुकं खोबरं यांतली संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी नेमकी हीच दारं कमी करते. गोळी एका हाताने दारं उघडते, ही चरबी दुसऱ्या हाताने बंद करते. गोळीच्या शोषणावर जेवणाचा फरक नगण्य, पण गोळीच्या कामावर रोजच्या जेवणाचा फरक खरा आहे, आणि तो एका पंगतीचा नसून महिनोन्‌महिन्यांच्या सवयीचा असतो.

आता आपलं खानदेशी ताट या नजरेने बघा. भरिताची वांगी काड्यांवर भाजलेली, मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून शेंगदाण्याचं तेल. वांगं तेल पितं हे खरं, आणि पार्टीचं भरीत हाताला तेल सुटेल असंच असतं. तरीही शेंगदाणा तेलातला साधारण चार-पंचमांश भाग असंपृक्त असतो. ते वजन वाढवेल, पण यकृताची दारं बंद करण्यात त्याचा हात तुपाएवढा नाही. सोबत कळण्याची भाकरी असली, ज्वारी आणि अख्ख्या उडदाची, तर तिच्यातला तंतू (फायबर) उलट उपयोगी पडतो. त्याच भरितासोबत पुऱ्यांचा ढीग असला तर हिशेब बदलतो. थंडीतल्या चार-पाच भरीत पार्ट्यांवरून मी कुणाला बोलत नाही. शेतात बसून दहा जणांनी एकत्र जेवणं हेही माणसाला लागतं.

मी बोलते ते शेवभाजीवर. ती आता पार्टीची राहिली नाही, हायवेच्या ढाब्यावर आठवड्यातून तीनदा होते. शेव तळलेली, बहुतेक वेळा पामतेलात, ज्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त. तर्रीचा मसाला भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, आणि खोबऱ्याची चरबी तर जवळजवळ सगळीच संपृक्त. त्यावर तेलाचा थर वेगळा. बेकरीचे टोस्ट, खारी, नानकटाई या रोजच्या चहासोबतच्या गोष्टीही याच रांगेतल्या. वनस्पती तूप बनवताना तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर आता २ टक्क्यांची मर्यादा आहे, जानेवारी २०२२ पासून, आणि ते फार चांगलं झालं. पण मर्यादेत बसलेल्या वनस्पती तुपातही संपृक्त चरबी भरपूर असते. आणखी एक: तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. वनस्पतीपासून काढलेल्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. पामतेलातही नसतं. त्या अक्षरांवरून तेल निवडू नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या, पुरणाचे मांडे, रसावर तुपाची धार, श्रावणात कानबाईला रोट. हे सण वर्षाचे चार-पाच दिवस. त्या दिवशी खा, आणि त्या दिवशीही गोळी घ्या. वर्षभराच्या तीनशे साध्या दिवसांत तूप किती चमचे पडतं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजीची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ॲसिडिटीचं पातळ औषध. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं ते पांढरं किंवा गुलाबी ॲन्टासिड रोसुव्हास्टॅटिनसोबत एकाच वेळी घेतलं तर रक्तात पोचणारी रोसुव्हास्टॅटिन साधारण निम्मी होते. १० ची गोळी घेऊन ५ चं काम, असं समजा. आणि आपल्याकडे हे घडतं कसं तर ठेचा खाल्ला, भरितात मिरची जास्त पडली, छातीत जळजळलं, झोपायच्या आधी दोन झाकणं औषध घेतलं आणि त्याच घोटासोबत रात्रीची गोळीही गिळली. रोज तसं होत असेल तर डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतील, डोस पुरत नाही. उपाय सोपा आहे. गोळी आधी, ॲन्टासिड दोन तासांनी. गोळी सकाळी नेली की हा गुंता सुटतोच. पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलची गोळी असेल तर ही अडचण नाही. पण एक गोष्ट मुलगा म्हणून लक्षात ठेवा. ६२ वर्षांच्या, कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला वरचेवर छातीत जळजळतंय तर दर वेळी ती ॲसिडिटीच असेल असं धरू नका. चालताना, चढ चढताना, जेवणानंतर लगेच कामाला लागल्यावर जळजळ होते आणि थांबलं की बसते, असं असेल तर त्याच आठवड्यात ईसीजी काढून घ्या. छातीत जड वाटून घाम येत असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर आठवड्याचीही वाट बघू नका, तडक दवाखान्यात न्या.

इसबगोल चांगलं आहे, बंद करू नका. ते स्वतःच एलडीएल थोडं उतरवतं, नियमित घेतलं तर साधारण ५ ते १० टक्के. सिमव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल दिल्यावर २० मिलिग्रॅमएवढा गुण आला, असं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. पण ते पाण्यात फुगून जेली होतं, आणि त्या जेलीत सोबतची औषधं अडकू शकतात. जुन्या लोव्हास्टॅटिनसोबत ओटचा कोंडा किंवा पेक्टिन (फळांतला तंतू) भरपूर दिल्यावर एलडीएल उतरायच्या ऐवजी वाढल्याची उदाहरणं नोंदली गेली होती. म्हणून रोजचा नियम असा ठेवा की गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. मेथीचे भिजवलेले दाणे मूठभर खाणाऱ्यांनीही तसंच करावं. दाण्याला चिकटपणा येतो तो याच जातीच्या तंतूमुळे. भाजीतली मेथी, गवार, भाकरी यांसाठी असं घड्याळ लावायची गरज नाही.

मोसंबीची गोष्ट मात्र पूर्ण गैरसमजाची आहे आणि ती पसरते कशी तेही मला माहीत आहे. गोळीच्या खोक्यातल्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' असं असतं. हे फळ आपल्या बाजारात कुणी बघितलेलं नसतं. मग वाचणारा आपल्या ओळखीचं त्याच्यासारखं फळ शोधतो, आणि मोसंबीवर येऊन थांबतो. जळगाव जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत, आजारी माणसाला भेटायला जाताना आपण तीच नेतो, आणि तीच बंद! मोसंबी चालते. संत्रं चालतं. भरितावर, वरणावर पिळलेलं लिंबू चालतं. केळी तर या गोळीशी काही भांडतच नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तात पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर केळ्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं लागतं, पण तो विषय वेगळा, आणि यावलच्या माणसाला तो एकदा विचारून ठेवायला हरकत नाही.

ग्रेपफ्रूटचं काय होतं? आतड्याच्या अस्तरात औषधं मोडणारं एक एन्झाइम असतं. ग्रेपफ्रूटमधले काही घटक ते निकामी करतात, मग औषध न मोडता जास्त प्रमाणात रक्तात शिरतं. हा शोध अपघाताने लागला. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका गोळीवर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं दिसलं. १९८९ साली त्यांनी ते छापलं. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनला याचा मोठा फटका बसतो. ॲटोरव्हास्टॅटिनला कमी: रोज एक पेला रस घेतला तर रक्तातलं औषध साधारण ३७ टक्के वाढतं, लिटरभर घेतला तर कितीतरी जास्त. रोसुव्हास्टॅटिन त्या एन्झाइमच्या वाटेने फारशी जातच नाही, त्यामुळे तिला फरक पडत नाही. आपल्याकडे ग्रेपफ्रूटचा जवळचा नातेवाईक म्हणजे पपनस. पपनसात तेच घटक असतात. वडिलांच्या गोळीला त्याचीही भीती नाही. पण घरात कुणी सिमव्हास्टॅटिनवर असेल तर पपनस टाळावं, ॲटोरव्हास्टॅटिनवर असेल तर रोज खाऊ नये. इथे वेळेचं अंतर ठेवून भागत नाही. निकामी झालेलं एन्झाइम आतड्यात नव्याने तयार व्हायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात.

काही औषधांना मात्र जेवण खरोखरच लागतं, आणि ती नेमकी याच पाकिटात मिसळलेली असतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, उतरवायला देतात त्या फेनोफायब्रेटच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या अन्नासोबतच नीट शोषल्या जातात. नवे अतिसूक्ष्म 'नॅनो' कणांचे प्रकार कसेही चालतात. कुठला प्रकार आहे ते पानावरून कळतं, औषधवाल्याला विचारा. ॲस्पिरिन उपाशीपोटी जठराला लागतं. आपल्याकडे ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतं, आणि तिच्यावर 'जेवणानंतर' लिहिलेलं असतं ते ॲस्पिरिनसाठी. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ही कॅप्सूल उपासाला सोडणं मला सगळ्यात घातक वाटतं. स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी व्हायला फार दिवस लागत नाहीत. उपास असेल तर केळं खा, दूध प्या, साबुदाण्याची खिचडी खा, आणि त्यावर कॅप्सूल घ्या. फराळ म्हणजे पोटात अन्नच आहे.

साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्यांचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर काही खाल्लं नाही तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून 'उपासाला सगळ्या गोळ्या घ्या' असं सरसकट सांगणंही चूक, 'सगळ्या सोडा' हेही चूक. नवरात्राच्या आधी एकदा गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक गोळीला वेगळं विचारा: ही उपाशीपोटी चालेल का, ही त्या दिवशी कमी करायची का. पाच मिनिटांचं काम आहे. मी तर पानावर स्केचपेनने खूण करून देते: कोलेस्टेरॉलच्या गोळीला हिरवी, जेवणाला बांधलेल्या गोळीला लाल. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ते कळतं. रोजे ठेवणाऱ्या रुग्णांना कोलेस्टेरॉलची गोळी मी इफ्तारनंतर देते, त्यात काही अडत नाही.

रात्री गोळी राहिली आणि सकाळी आठवलं, तर सकाळी घ्या. पुढच्या गोळीची वेळच जवळ आली असेल तर राहू द्या. दोन एकदम घेऊ नका.

'नैसर्गिक' कॅप्सूलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं, कारण वडिलांच्या वयाच्या जवळपास प्रत्येकाच्या घरात एखादी डबी असते. त्यांतल्या काहींमध्ये लाल यीस्टने आंबवलेला तांदूळ असतो. त्यातला मुख्य घटक रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. स्टॅटिनची जातच मुळात बुरशीतून आली. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासून त्यांतल्या एकीतून पहिलं स्टॅटिन काढलं. त्यामुळे चिठ्ठीवरची गोळी आणि ही डबी एकत्र घेणं म्हणजे एकाच गटातल्या औषधाचे दोन डोस, आणि दुसरा किती ते कुणालाच माहीत नसतं. डबीवरचे घटक वाचा, नाही समजले तर डबीच डॉक्टरांपुढे ठेवा.

दारूचं थोडक्यात सांगते. अधूनमधूनच्या एका पेल्याने गोळी बाद होत नाही, पण रोज पिणाऱ्याचं यकृत आधीच दुखावलेलं असतं आणि गोळीचं कामही यकृतातच चालतं. पिणं किती आहे ते डॉक्टरांना खरं सांगा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या माणसांना मी मोहाचं थेट नाव घेऊनच विचारते, कारण 'दारू पिता का' म्हटलं की उत्तर 'नाही' येतं. मोह त्यांच्या हिशेबात दारू नसतो.

स्नायू दुखले तर? केळीचे घड वाहणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या माणसाचं अंग दुखतंच, आणि ते सगळं गोळीच्या माथी मारलं जातं. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड एकसारखे, कामाशी संबंध नसताना दुखू लागले, जिना चढताना जोर लागेनासा झाला तर डॉक्टरांना दाखवा. लघवी चहाच्या रंगाची झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधेच खोकल्या-तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या कुणी लिहून दिल्या, तर आपली कोलेस्टेरॉलची गोळी कुठली ते तिथे सांगायला हवं. सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिनचं त्यांच्याशी जमत नाही. नायट्याच्या गोळ्या आपल्याकडे औषधवाल्याकडून परस्पर घेतल्या जातात, तिथेच ही चूक जास्त होते.

आता वडिलांसाठी नेमकं काय करायचं. त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की गोळी सकाळी, जेवणाशी न बांधता घेतली तर चालेल का. रोसुव्हास्टॅटिन एकटीच असेल तर ते हो म्हणतील. सकाळी उठल्यावर गोळी, इसबगोल रात्री, जळजळीचं औषध लागलंच तर तेही गोळीपासून लांब. मोसंबी परत सुरू. शेवभाजी महिन्यातून एकदा, आणि घरच्या मसाल्यात खोबरं निम्मं करून त्या जागी भाजलेले तीळ-दाणे घालून बघा; माझ्या घरी तसंच होतं आणि तर्रीचा रंग उतरत नाही. वडिलांना 'तेल खाऊ नका' असं फोनवरून सांगू नका. तुमच्या आईला विचारा की महिन्याला घरात तेलाचे किती डबे लागतात आणि जेवणारी माणसं किती. आकडा समोर आला की ती दोघं आपापसात ठरवतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

गोळी नीट सुरू झाल्यापासून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. तपासणीच्या आधी गोळी बंद करायची नसते. 'खरं कोलेस्टेरॉल कळावं' म्हणून चार दिवस गोळी सोडून येणारे मला दर महिन्याला भेटतात. आदल्या रात्री पार्टी असेल तर ट्रायग्लिसराइडचा आकडा फुगतो, एलडीएलला फारसा फरक पडत नाही. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस नेहमीचं जेवण ठेवा, आदल्या रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास काही खाऊ नका, पाणी चालेल.

आणि रिपोर्ट दाखवायला जाताना गोळ्यांची रिकामी पानं सोबत न्यायला सांगा. त्या काळात किती गोळ्या राहिल्या ते वडिलांनी स्वतःच मोजून डॉक्टरांना सांगावं, रिपोर्ट टेबलावर ठेवायच्या आधी.